साइगॉनच्या वाडग्यातलं नाम वांग

साइगॉनमध्ये सकाळी पोटभर न्याहारी करायची म्हटलं की जे दोन-चार पदार्थ डोळ्यांसमोर येतात, त्यातल्या एकाच्या नावात शेजारच्या देशाची राजधानी बसलेली आहे. हू तिऊ नाम वांग. नाम वांग म्हणजे कंबोडियातलं नॉम पेन्ह. हू तिऊ म्हणजे तांदळाच्या पिठाच्या चपट्या पांढऱ्या पट्ट्या आणि त्या घालून केलेला अख्खा पदार्थही. डुकराच्या हाडांचा नितळ रस्सा, त्यात सोडे, सुका माकूल आणि मुळा यांची उतरलेली गोडी. वर मांसाचे पातळ काप, थोडा खिमा, कलेजी, एक-दोन कोळंब्या, लावेचं उकडलेलं अंडं, तळलेला लसूण आणि चिनी पद्धतीनं खारवलेला कोबी. बाजूच्या ताटलीत मोड, कोवळा पाला, लिंबू, मिरची. हवं तर रस्सा वेगळ्या वाटीत घेऊन पट्ट्या कोरड्याच, सॉसमध्ये कालवून खायच्या. पुष्कळजण तशाच खातात.

पट्ट्या चिनी, नाव कंबोडियाचं, खाणारे व्हिएतनामी. हा गुंता सोडवायचा तर मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात कोण, कधी आणि कोणाच्या भीतीनं आलं, हे बघावं लागतं. हा वाडगा एका हातातून दुसऱ्या हातात गेला तो बहुतेक वेळा कुणीतरी जीव मुठीत धरून किंवा पोटामागं धावत या प्रदेशात आल्यामुळे. खवय्यांच्या पुस्तकांत याला देवाणघेवाण म्हणतात. मला तो शब्द फार सभ्य वाटतो.

1679 साली चीनमधून निघालेली सुमारे पन्नास जहाजं मध्य व्हिएतनामच्या किनाऱ्याला लागली. जहाजांवर तीन हजारांच्या आसपास माणसं होती, सैनिक आणि त्यांची बायकापोरं. मिंग घराणं बुडून पस्तीस वर्षं झाली होती आणि मांचूंपुढे मान तुकवायला तयार नसलेले हे दक्षिणेतले शेवटचे काही सरदार. त्यांच्या पुढाऱ्यांची नावं यांग यान्दी आणि चेन शांगचुआन. दक्षिणेत तेव्हा न्गुयेन सरदारांची सत्ता होती. दारात उभ्या राहिलेल्या या शस्त्रधारी पाहुण्यांना आश्रय द्यावा तर धोका, हाकलावं तर लढाई. न्गुयेनांनी मधला मार्ग काढला आणि त्यांना पार दक्षिणेला, तोवर ख्मेर राजाच्या अंमलाखाली असलेल्या दलदलीत वसायला पाठवून दिलं. जमीन दुसऱ्याची, घाम तिसऱ्याचा आणि हद्द वाढली ती न्गुयेनांची. यांगची माणसं मी थो इथं, तर चेनची आजच्या बिएन होआजवळ स्थिरावली. दोन्हीकडे बघता बघता मोठ्या बाजारपेठा उभ्या राहिल्या. पुढे 1688 मध्ये यांगला त्याच्याच दुय्यम सरदारानं मारलं. दहा वर्षांनी न्गुयेनांनी तिथं आपला रीतसर कारभार बसवला आणि चिन्यांची वेगळी गावं नोंदवली. सयामच्या आखाताच्या कोपऱ्यावर हा तिएन बंदर उभं करणारा माक क्यू हाही असाच चीन सोडून आलेला. त्यानं 1708 मध्ये न्गुयेनांचं मांडलिकत्व पत्करलं.

शंभर वर्षांत या पेठा भरभराटल्या आणि मग जळाल्या. न्गुयेनांविरुद्ध उठलेल्या ताय सोन बंधूंच्या बंडात 1776 मध्ये बिएन होआजवळची पेठ लुटली गेली. वाचलेले व्यापारी साइगॉनच्या पश्चिमेला सरकले आणि तिथं जी वस्ती वाढली तिला पुढे चोलॉन, म्हणजे मोठा बाजार, असं नाव पडलं. तिथंही सुटका झाली नाही. 1782 मध्ये ताय सोनांचा एक सेनापती न्गुयेनांच्या बाजूनं लढणाऱ्या चिनी तुकडीच्या हातून पडला. त्याचा सूड साइगॉनच्या चिनी वस्तीवर उगवण्यात आला. स्वतः चिनी वंशाचा असलेला इतिहासकार त्रिन होआय दुक याने दहा हजारांवर माणसं मारली गेल्याचं लिहून ठेवलंय. प्रेतं नदीत टाकली होती आणि त्यानंतर दीर्घकाळ लोक नदीतले मासे-कोळंबी खायला धजत नव्हते. चिनी माल घरात ठेवायचीही भीती, म्हणून लोकांनी चहा, रेशीम, औषधं रस्त्यावर फेकली. पुढच्या वर्षी हलक्या प्रतीचा चहा आणि शिवणाची साधी सुईसुद्धा परवडेनाशी झाली. दुकानदार मारून टाकले की दुकानातला मालही संपतो, हे मारणाऱ्यांना वर्षभरानं कळलं.

मी थोच्या पर्यटन पुस्तिका आपल्या हू तिऊचा उगम थेट 1679 च्या त्या पन्नास जहाजांशी नेऊन भिडवतात. कथा सोयीची आहे, पण मला ती पटत नाही. यांग आणि चेन यांची माणसं ग्वांगदोंगच्या पश्चिम किनाऱ्यावरची. हू तिऊ हे नाव मात्र तिओच्यू बोलीतलं, आणि तिओच्यू लोक त्याच प्रांताच्या पूर्व टोकाचे, छाओचौचे. त्यांची बोली कँटनी माणसाला धड कळतही नाही. ही मंडळी खऱ्या अर्थानं लोंढ्यानं बाहेर पडली ती एकोणिसाव्या शतकात. छाओचौमध्ये माणसं जास्त आणि जमीन कमी. 1860 मध्ये तिथलं स्वाटाव बंदर परदेशी जहाजांना खुलं झालं आणि बाहेरची वाट सोपी झाली. बँकॉकमध्ये त्यांचे पाय आधीच रोवलेले होते. सयामचा राजा ताक्सिन याचा बापच तिओच्यू होता. म्हणून या तांदळाच्या पट्ट्या आज बँकॉकच्या फुटपाथवर, पेनांगच्या कढईत, सिंगापूरच्या खाऊगल्लीत आणि नॉम पेन्हच्या बाजारात जरा जरा वेगळ्या उच्चारानं मिळतात. व्हिएतनाम हा त्या मोठ्या सागरी वर्तुळाचा एक कोपरा.

या कोपऱ्यात फ्रेंच येऊन बसले होते. त्यांनी 1859 मध्ये साइगॉन घेतलं आणि 1860 च्या दशकात सगळा त्रिभुज प्रदेश. मग कालवे खोदले, दलदल उपसली आणि तिथं भाताशिवाय दुसरं काही पिकू नये अशी व्यवस्था लावून दिली. शेतात राबणारा व्हिएतनामी किंवा ख्मेर, कर्ज पुष्कळदा तमिळ चेट्टियाराचं, गावोगाव फिरून भात गोळा करणारा आणि चोलॉनच्या वाफेच्या गिरण्यांत सडणारा चिनी, आणि जकात फ्रेंचांची. चिन्यांचा कारभार बोलीनुसार पाडलेल्या पाच जमातींमधून चाले. कँटनी, फुक्येनी, तिओच्यू, हाक्का, हायनानी. प्रत्येक जमातीचा मुखिया कर गोळा करून देणार आणि आपल्या माणसांची हमी घेणार. तिओच्यूंचं बळ सोक त्रांग, बाक लिएव अशा दूरच्या भागात अधिक होतं. ख्मेर वस्तीच्या कडेला भाजीचे मळे आणि नाक्यावर किराणा दुकान. चोलॉनमध्येही त्यांच्यातले काही फार मोठे झाले. आजचा बिन ताय बाजार 1920 च्या दशकाच्या अखेरीस ज्याच्या पैशातून उभारायला घेतला, तो क्वाच दाम छाओचौहून रिकाम्या हातानं आलेला होता.

या अर्थव्यवस्थेत तांदूळ निर्यातीचा माल होता, तसा पिठाचाही. मेकाँगच्या तिएन शाखेवरचं सा देक हे पिठाचं गाव. तांदूळ भिजवायचा, जात्यावर वाटायचा, पीठ पाण्यात निवळू द्यायचं, वरचं पाणी काढून टाकायचं आणि खाली बसलेला पांढराशुभ्र लगदा कोरडा करायचा. पट्ट्यांसाठी हेच पीठ पातळ कालवून, उकळत्या हंड्यावर ताणून बांधलेल्या फडक्यावर पळीनं पसरायचं आणि झाकण ठेवायचं. क्षणभरात पापुद्रा शिजतो, तो बांबूच्या पातळ पट्टीनं उचलून जाळीवर उन्हात टाकायचा आणि सुकत आला की कातरायचा. ज्यांनी उन्हाळ्यात सालपापड्या घातल्यात त्यांना यातलं काही नवं वाटायचं नाही. सा देकची खरी हुशारी पुढे आहे. पीठ निवळताना उरणारा गाळ आणि कोंडा डुकरांना घालतात, म्हणून पिठाच्या प्रत्येक घरामागे डुकरांचा गोठा. पट्ट्याही घरच्या आणि रश्श्याची हाडंही घरची. सा देकचं हू तिऊ आजही रुंद, मऊ, दुधी पट्ट्यांचं असतं, तर मी थोचं बारीक आणि चिवट. तिथं गो काट नावाच्या स्थानिक तांदळाच्या पट्ट्या आधी कडक वाळवतात आणि ऐन वेळी उकळत्या पाण्यात बुडवून काढतात. दोन्ही गावांमध्ये कोणाचं श्रेष्ठ यावरून तह होण्याची चिन्हं नाहीत.

सा देक हे नाव जगानं ऐकलं ते वेगळ्याच कारणानं. तिथल्या शाळेच्या फ्रेंच मुख्याध्यापिकेची मुलगी पुढे मार्गरीत द्युरास म्हणून लेखिका झाली आणि 1984 च्या आपल्या कादंबरीत तिनं एका धनाढ्य चिनी तरुणाशी जडलेलं प्रेम लिहिलं. हुइन थुई ले या त्या तरुणाचं नदीकाठचं घर बघायला प्रवासी येतात. फोटो काढून झाले की बहुतेकांचे पाय शेजारच्या बाजारातल्या वाडग्याकडे वळतात.

मी थोचं महत्त्व आणखी एका कारणानं वाढलं. साइगॉन ते मी थो ही सुमारे सत्तर किलोमीटरची लोहवाट 1885 मध्ये सुरू झाली. फ्रेंच इंडोचायनातली ती पहिली रेल्वे. मी थोला रेल्वे संपायची आणि धक्क्यावरून आगबोटी मेकाँगनं वर नॉम पेन्हला निघायच्या. कंबोडिया 1863 पासून फ्रेंचांच्या छत्राखाली होता आणि नॉम पेन्हच्या बाजारपेठेत चिनी दुकानदार नि व्हिएतनामी कारकून, कारागीर, कोळी यांचीच गर्दी असे. म्हणजे एकाच रेल्वे-बोटीच्या मार्गावर एका टोकाला चोलॉन, मध्ये मी थो, दुसऱ्या टोकाला नॉम पेन्ह आणि तिन्हीकडे तिओच्यू स्वयंपाकी. पदार्थ कोणत्या दिशेनं गेला, हा प्रश्न इथं फारसा उरत नाही. तो रोज दोन्ही दिशांना जात होता.

पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या चोलॉनमधली हू तिऊची गाडी हा एक प्रेक्षणीय प्रकार होता. लाकडी गाडी, वर काचेच्या तावदानांवर रंगवलेली ‘तीन राज्यां’च्या चिनी गोष्टीतली दृश्यं, लालबुंद चेहऱ्याचा ग्वान यू, घोडे, भाले. खाली भट्टी आणि तिच्यावर दोन कप्प्यांचा हंडा. एकात रस्सा, दुसऱ्यात पट्ट्या बुडवायचं पाणी. कोपऱ्यावर चिनी मालकाचं कॉफीचं दुकान असे आणि त्याच्या दाराशी ही गाडी लावलेली. कॉफी कापडी गाळणीतून मातीच्या भांड्यात उतरायची, कपातून बशीत ओतली जायची आणि फुरके मारत प्यायली जायची. रात्री हीच गाडी गल्लीबाहेर थांबे आणि एक पोरगं दोन काठ्या एकमेकींवर ठोकत गल्लीत शिरे. टक टक, टकटक. ओरडणं नाही. दार उघडून हात दाखवला की पोरगं परत जाऊन वाफाळता वाडगा आणून देई आणि तासाभरानं रिकामा न्यायला येई. कोणत्या घरात किती वाडगे गेलेत, हे त्याला तोंडपाठ.

फ्रेंच गेल्यावर चिन्यांचं काय करायचं, हा प्रश्न दक्षिण व्हिएतनामच्या नव्या सरकारपुढे उभा राहिला. राष्ट्राध्यक्ष न्गो दिन्ह दिएम यांनी 1956 मध्ये दोन फर्मानं काढली. पहिल्यानुसार व्हिएतनाममध्ये जन्मलेले सगळे चिनी व्हिएतनामी नागरिक ठरले, मर्जी असो वा नसो. दुसऱ्यानुसार परकी नागरिकांना अकरा धंदे बंद करण्यात आले. किराणा, मासळी आणि मांस, किरकोळ कापड, धान्य, भाताच्या गिरण्या, वाहतूक असे नेमके चिन्यांच्या हातातले धंदे वेचून काढलेले. खानावळी त्या यादीत नव्हत्या. धंदे कागदोपत्री बायकोच्या किंवा मुलाच्या नावावर झाले, पाट्या व्हिएतनामी झाल्या आणि गाड्यांवरचा ग्वान यू आपल्या जागी राहिला.

याच सुमारास हू तिऊला तगडा प्रतिस्पर्धी आला. 1954 च्या फाळणीत उत्तरेतून आठ लाखांहून अधिक लोक दक्षिणेत आले आणि त्यांच्याबरोबर फो, म्हणजे तिकडचा पट्ट्या-रश्श्याचा पदार्थ, आला. त्याआधी साइगॉनला फो अगदीच अनोळखी नव्हता, पण गल्लोगल्ली नव्हता. आज जगाला व्हिएतनाम म्हटलं की फो आठवतो आणि हू तिऊ दक्षिणेपुरतं राहिलं, याचं कारण चवीत शोधण्यात अर्थ नाही. उत्तरेचा पदार्थ राष्ट्राचा म्हणून मिरवू शकला. तिओच्यू नावाच्या, चिनी गाडीवरच्या पदार्थाला तो मान कोण देणार होतं?

मग 1970 उजाडलं. 18 मार्चला कंबोडियाचे राष्ट्रप्रमुख राजपुत्र सिहानूक परदेशी असताना जनरल लोन नोल यांनी नॉम पेन्हमध्ये सत्ता हातात घेतली. व्हिएतनामी कम्युनिस्ट फौजांनी देश सोडावा ही नव्या सरकारची मागणी होती. राग मात्र निघाला तो पिढ्यान् पिढ्या कंबोडियात राहिलेल्या साध्या व्हिएतनामी लोकांवर. एप्रिलमध्ये नॉम पेन्हजवळच्या वस्त्यांमधून पुरुषांना उचलून नेलं गेलं आणि मग मेकाँगमधून शेकडो प्रेतं वाहत आली, काहींचे हात पाठीमागे बांधलेले. 1782 मध्ये साइगॉनच्या नदीत जे दिसलं होतं, तेच. कंबोडियात तेव्हा सुमारे चार लाख व्हिएतनामी होते. त्यांतले दोन लाखांच्या आसपास पुढच्या काही महिन्यांत दक्षिण व्हिएतनाममध्ये आले. त्यांना आणायला साइगॉनहून आरमाराच्या बोटी मेकाँगनं वर गेल्या होत्या.

ही माणसं साइगॉनच्या कडेला छावण्यांत, मग झोपड्यांत, मग गल्ल्यांत राहू लागली. त्यांतल्या पुष्कळांना व्हिएतनाम हा मायदेश म्हणून फक्त सांगण्यापुरता माहीत होता. हातात भांडवल नाही, ओळखी नाहीत. नॉम पेन्हमध्ये रोज सकाळी खात होते ते मात्र करता येत होतं, आणि त्यासाठी एक हंडा, एक चूल आणि चार पाट पुरतात. नाम वांगच्या पद्धतीचं हू तिऊ साइगॉनला त्याआधीही मिळत असे, पण ते घराघरांतलं नाव झालं ते या लाटेनंतर. खिमा, कलेजी, तळलेला लसूण ही ठेवण नॉम पेन्हची. कोळंबी आणि लावेची अंडी साइगॉननं हौसेनं वाढवत नेली. आज नॉम पेन्हच्या माणसानं साइगॉनमधलं नाम वांग खाल्लं तर त्याला ते ओळखीचं वाटेल, पण आपलं वाटेलच असं नाही.

पाच वर्षांनी खुद्द नॉम पेन्ह रिकामं झालं. 17 एप्रिल 1975 रोजी कंबोडियाच्या कम्युनिस्ट ख्मेर रूजनी शहर घेतलं आणि काही दिवसांत वीस लाखांच्या आसपास माणसांना पायी खेड्यांकडे हाकललं. बाजार बंद, नाणं बंद, घरी चूल पेटवून खाणंही पुढे बंद. कंबोडियातल्या चिनी वंशाच्या लोकांपैकी सुमारे निम्मे पुढच्या पावणेचार वर्षांत मेले. त्या काळात नाम वांगचं हू तिऊ नाम वांग सोडून सगळीकडे शिजत होतं.

साइगॉन 30 एप्रिलला कम्युनिस्ट उत्तरेच्या हाती पडलं. सुरुवातीला नव्या राजवटीनं चोलॉनच्या बड्या व्यापाऱ्यांवरच हात टाकला. मार्च 1978 मध्ये मात्र खाजगी व्यापार संपवण्याची मोहीम निघाली आणि एका सकाळी तरुण स्वयंसेवकांची पथकं चोलॉनच्या दुकानांत मोजणी करायला शिरली. त्यात चीनशी संबंध बिघडत गेले, 1979 च्या फेब्रुवारीत युद्ध झालं आणि चिनी वंशाचा असणं हाच संशयाचा पुरावा ठरू लागला. देश सोडायला सोनं मोजून होड्यांत जागा घेणाऱ्यांत चोलॉनचे आणि त्रिभुज प्रदेशातले तिओच्यू, कँटनी मोठ्या संख्येनं होते. त्यांतले कितीतरी समुद्रात बुडाले. जे पोचले त्यांनी कॅलिफोर्निया, पॅरिस, सिडनीमध्ये पुन्हा हंडे चढवले. तिथं पाटीवर नाव नॉम पेन्हचं, मालक चोलॉनचा चिनी आणि गिऱ्हाईक साइगॉनचं, हा मेळ आजही नेहमीचा आहे.

मागे राहिलेल्या साइगॉनमध्ये शिधापत्रिकेचे दिवस आले. तांदळाचं कोठार म्हणवणाऱ्या दक्षिणेत लोक भातात ज्वारीसारखे भरड दाणे मिसळून खात होते. अशा काळात मांस-कोळंबीचा वाडगा कोण आणि कशाचा करणार? 1986 च्या डिसेंबरात ‘दोई मोई’ म्हणून सुधारणांचं धोरण जाहीर झालं आणि रस्त्यावरच्या चुली उघडपणे पेटू लागल्या. पण गाड्या ढकलणारे हात आता निराळे होते. मध्य व्हिएतनाममधल्या क्वांग न्गाई या वादळांनी झोडपलेल्या गरीब प्रांतातून तरुण साइगॉनला येऊ लागले आणि काठ्या ठोकत विकायचं हू तिऊ त्यांनी जवळजवळ आपल्याच ताब्यात घेतलं. एकाचा जम बसला की तो गावाकडून भाऊ, मेहुणा, शेजारी बोलावणार, चार-पाच जणांत एक खोली घेणार आणि नव्या माणसाला आधी ठोकणारा पोऱ्या म्हणून फिरवणार.

क्वांग न्गाईला हू तिऊ खाण्याची जुनी परंपरा नाही. तिकडची माणसं वेगळंच खातात. हे गाडीवाले ना चिनी, ना नॉम पेन्हहून परतलेले. त्यांच्या वाडग्यात कलेजी नाही, कोळंबी नाही. मांसाचे दोन-तीन पारदर्शक काप, मोड, थोडी पात आणि भरपूर गरम रस्सा. रात्रपाळीचे कामगार, खोल्या करून राहणारे विद्यार्थी आणि रिक्षावाले हे त्यांचं गिऱ्हाईक. नाम वांगची पाटी लावणाऱ्या वातानुकूलित खानावळींत याच पदार्थासाठी कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. क्वांग न्गाईचे गाडीवाले आपल्या पाटीवर कोणत्याच गावाचं नाव लिहीत नाहीत. नुसतं हू तिऊ.